ताकातली गोळी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बन्सीनानांचा आवाज बोईसर स्टेशनपर्यंत जात नसे, एवढंच. बाकी बिल्डिंगचे तिन्ही मजले, खालचा इस्त्रीवाला आणि पलीकडच्या गल्लीतली माणसं, सगळ्यांना सकाळी कळायचं की नानांना आज मोजे सापडलेले नाहीत. माणूस वाईट नाही हो. रागावून मोकळा झाला की थोड्या वेळाने आमच्याच दारात येऊन, "विजयाताई, चहा टाकलाय का?" असं विचारणार. पण राग यायचा तो असा, की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा.

नाना मूळचे धुळ्याकडचे. लग्न झाल्या झाल्या इकडे तारापूरच्या कारखान्यांत आले, एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत क्रेनवर चढले, ते आजतागायत. क्रेन म्हणजे रस्त्यावर दिसते ती पिवळी गाडी नव्हे. शेडच्या छपराखाली रूळ असतात, त्यावरून ती सरकते. तिला एक केबिन लटकलेली असते आणि केबिनमध्ये एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून नाना पाइपांचे भलेमोठे गठ्ठे उचलायचे आणि हवे तिथे अलगद ठेवायचे. खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलं होतं. घरातल्या पडद्याची सुटलेली शिवण मात्र त्यांना कधी दिसली नाही, असं सुगंधा म्हणते. सुगंधा म्हणजे त्यांची बायको, आणि माझी या बिल्डिंगमधली एकुलती एक मैत्रीण.

आता उंचावर काम करणाऱ्यांची कंपनीत दरवर्षी मेडिकल होते. ब्लडप्रेशर जास्त निघालं तर वर चढू देत नाहीत. गेल्या वर्षी नानांचं निघालं एकशे बहात्तर, आणि खालचं एकशे चार. कंपनीत आठवड्यातून दोनदा येणारे मितेश डॉक्टर म्हणाले, "नाना, आजपासून रोज एक गोळी. महिन्याने परत बघू. आकडा उतरला नाही तर तुम्हाला उतरावं लागेल."

उतरणं म्हणजे काय, ते नानांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या आधीचा एक ऑपरेटर असाच उतरला होता. त्याला गेटजवळ स्टूल दिलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांकडे बघत त्याने उरलेली नोकरी काढली. नाना त्याच्याकडे बघायचंही टाळत.

घरी आल्यावर मात्र त्यांनी वेगळाच सूर लावला. "मशीन बिघडलंय त्यांचं! त्या सिस्टरने पट्टा एवढा आवळला, की रेड्याचंसुद्धा प्रेशर वाढलं असतं. म्हणे गोळी घ्या. मी काय म्हातारा झालो?"

मी दारातच उभी होते. म्हटलं, "नाना, मी सहा वर्षं घेतेय ती गोळी. मला अजून कोणी स्मशानात पोचवलेलं नाही."

"तुमची गोष्ट वेगळी, ताई." म्हणजे काय वेगळी, ते सांगायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी चुरगाळून त्यांनी टेबलावर टाकली आणि पंखा वाढवला.

खरी अडचण अशी होती, की आयुष्यभर नानांनी गोळी खाणाऱ्यांची टिंगल केली होती. सुगंधाला थायरॉइडची गोळी सुरू झाली, तेव्हापासून ते घराला मेडिकल स्टोअर म्हणत. दुसऱ्या शिफ्टला क्रेन चालवणारा कमलाकांत प्रेशरची गोळी घ्यायचा, त्याचं नाव यांनी अख्ख्या शेडमध्ये 'गोळीवाला' पाडून ठेवलं होतं. आता कोणत्या तोंडाने गोळी घेणार? काही पुरुषांना दुखणं झालं की आधी अपमान झाल्यासारखं वाटतं. दुखणं राहतं बाजूला.

सुगंधाने वाद घातला नाही. चुरगाळलेली चिठ्ठी सरळ केली, स्टेशनजवळच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणली आणि माझ्याकडे येऊन छोटा खलबत्ता मागितला.

"कशाला गं?"

"वेलची कुटायला," ती म्हणाली. मी नुसती बघत राहिले, तेव्हा हसली. "अहो विजयाताई, ताकातून देणार आहे. ताकाशिवाय त्यांचं जेवण होत नाही. जिरेपूड, हिंग, कोथिंबीर. कळणार पण नाही."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"त्यांनीच तर लिहून दिलीय!"

मी खलबत्ता काढून दिला. लहान मुलाला मधातून औषध देतो तसंच की, असं मीही मनाशी म्हटलं. वर तिने ताकातलं आणि भाजीतलं मीठही चिमटी-चिमटीने कमी करायला घेतलं. शिफ्ट कुठलीही असो, घरच्या जेवणानंतर नानांच्या हातात ताकाचा पेला यायचा, आणि तो रिकामा होईपर्यंत सुगंधा समोरून हलत नसे. नाना म्हणायचे, "काय बघतेस? जाणार आहे का मी कुठे?"

आता जे मला पुढे कळलं, ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नानांना उगाच हट्टी समजाल. हट्टी आहेतच, पण ती खुर्ची त्यांना हट्टापेक्षा प्यारी होती. त्याच आठवड्यात नाना स्कूटर काढून निघाले. बोईसरमधली सगळी औषधांची दुकानं मागे टाकून, उमरोळीवरून थेट पालघरला गेले आणि तिथे त्याच गोळीची पट्टी घेतली. का, तर इथले दुकानदार सुगंधाला ओळखतात. पट्टी त्यांनी कंपनीतल्या लॉकरमध्ये जुन्या मोज्यात लपवली. रोज ड्युटीवर चढायच्या आधी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, एक गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग शिडी चढायची. कॅन्टीनमध्ये लोणचं आणि पापडही सोडला.

म्हणजे डॉक्टरांनी लिहिली एक. बायको घरी देतेय एक, नवरा कंपनीत घेतोय एक. आणि घरात दोघंही एकमेकांकडे असं बघतायत, की समोरचा कसा फसला.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये शांतता पसरली. नानांना मोजे सापडले नाहीत आणि ते पलंगाच्या कडेवर नुसते बसून राहिले. पार्किंगमध्ये कोणीतरी त्यांच्या स्कूटरला बाईक टेकवून लावली, तर म्हणाले, "असू दे." गणपतीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी लाउडस्पीकरवरून होणारं भांडण त्या वर्षी झालंच नाही, कारण भांडायला नाना उठलेच नाहीत. सेक्रेटरी घाबरून दोनदा विचारून गेला, "नाना, मग मंजूर ना?"

सुगंधाने संधी साधली. हॉलला आंब्याच्या रसासारखा रंग द्यायचा तिच्या मनात कित्येक वर्षं होतं. ती घाबरत घाबरत बोलली, तर नाना म्हणाले, "तुला आवडतो ना? दे." ती माझ्याकडे पळत आली. "विजयाताई, गोळीने स्वभाव पण सुधारतो का हो?"

"माझा सुधारलाय का?" मी विचारलं. तिने लगेच परत रंगाचा विषय काढला, हे माझ्या लक्षात आहे.

नानांना स्वतःलाही वाटत होतं की गोळी मानवली. डोकं हलकं वाटायचं. जरा जास्तच हलकं. बसल्याचं उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी यायची, कानात शिट्टी वाजायची आणि भिंत धरावी लागायची. सुगंधाने एकदा पाहिलं आणि विचारलं, तर म्हणाले, "गुडघा दुखतो." ती बिचारी रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून त्यांचे धडधाकट गुडघे चोळत बसायची. आणि नाना चोळून घ्यायचे! कारण मेडिकल जवळ आली होती. एकदा आकडा नीट आला, खुर्ची पक्की झाली, की चक्करीचं बघू, असा त्यांचा हिशोब होता.

क्रेनवाल्याचं अर्धं काम खालचा माणूस करतो. नाना वर केबिनमध्ये, आणि खाली सुका. सुका डोंगराकडच्या पाड्यावरचा. स्वतःच्या तुकड्यावर भाताची लावणी उरकल्याशिवाय पावसाळ्यात कामावर न येणारा, पण आला की घड्याळासारखा. शेडमध्ये इतका आवाज असतो, की वरच्याला खालचं काही ऐकू येत नाही. सुका हातांनी खुणा करतो. उचला, थांबा, डावीकडे, हळू. पंधरा-सोळा वर्षं हे दोघे असे हातांनी बोलत आले. एकदा डबा खाताना सुका म्हणाला, "नाना, तुमी हल्ली वरून शिव्या नाय देत. बरा हाय ना तुमाला?"

"बरा आहे. जेव."

मेडिकलच्या दोन दिवस आधी नानांची पहिली शिफ्ट होती. पाइपांचा गठ्ठा पट्ट्यांत बांधून हुकाला अडकवला होता. नानांनी तो उचलला आणि शेडच्या मधोमध आणला. खाली सुका हात वर करून गठ्ठ्याच्या पुढे पुढे चालत होता. तेवढ्यात नानांची पाण्याची बाटली पायाशी घरंगळली. ते वाकले, बाटली उचलली, सरळ झाले.

आणि सगळं काळं झालं.

नाना सांगतात, की त्यांना खालचे दिवे दिसेनात, सुका दिसेना, स्वतःचे हातही दिसेनात. फक्त एवढं कळत होतं, की हुकाला लोड आहे. त्यांनी दोन्ही हात लिव्हरवरून उचलले. हात उचलला की लिव्हर आपोआप मधोमध येते आणि क्रेन थांबते. थांबली. गठ्ठा तिथल्या तिथे हवेत झुलत राहिला. सुका खालून हात हलवत होता, चला, चला. वरून काहीच उत्तर येईना.

थोड्या वेळाने अंधारी जरा विरळ झाली. तेव्हा नानांनी भोंगा वाजवला, सगळ्यांना लांब केलं आणि गठ्ठा होता तिथेच, भर वाटेवर, हळूहळू जमिनीला टेकवला. वाटेवर लोड ठेवायची सक्त मनाई. दुसऱ्या कोणी ठेवला असता, तर नानांनीच त्याचा उद्धार केला असता. मग ते खिडकीतून वाकले आणि त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नव्हतं असं वाक्य बोलले. "मला उतरवा रे."

"उस्ताद, क्या हुआ?" खालून चार-पाच जण ओरडले. सुका विचारत बसला नाही. शिडी चढून गेला, नानांच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्यांच्या खाली राहून, त्यांचा एक एक पाय स्वतःच्या हाताने पायरीवर ठेवत त्यांना खाली आणलं.

कंपनीच्या दवाखान्यात रूपल सिस्टरने पट्टा बांधला. वरचं चौऱ्याऐंशी, खालचं पन्नास. तिने मशीन बदलून परत मोजलं. तेवढंच. मग तिने नानांना आडवं केलं, पायांखाली उशा रचल्या आणि आधी मितेश डॉक्टरांना, मग सुगंधाला फोन लावला. सुगंधा माझा हात धरून रिक्षात बसली. आंब्याच्या रंगाचा डबा दारात तसाच उघडा राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर खाटेजवळ बसून विचारत होते, "नाना, खरं सांगा. गोळी किती घेता?"

नानांनी डोळे मिटले. "एक."

सुगंधा दारातच थबकली. "घेता?"

"म्हणजे?" डॉक्टर वळले.

"अहो, ते घेतच नाहीत! मी देते."

"कोणाला?"

"त्यांनाच. ताकातून."

रूपल सिस्टर भिंतीकडे तोंड करून कापसाचा डबा नीट लावायला लागली, पण तिचे खांदे हलत होते.

"ताकातून?" नानांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "ताकातून! रोज? म्हणून समोर बसून राहायचीस होय? आणि मी येडा म्हणतोय, बायको किती प्रेमाने बघतेय!" ते कोपरावर उठायला लागले. डॉक्टरांनी त्यांना दाबून धरलं. "वर हिंग टाकून! कोथिंबीर टाकून! अगं मी तिकडे पालघरला जाऊन—" आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं.

"पालघरला?" आता सुगंधाची पाळी होती. "माझ्यापासून लपवायला पालघरला गेलात? आणि मी इथे तुमचे गुडघे चोळतेय!"

रूपल सिस्टरने घाईघाईने पट्टा परत फुगवला. "डॉक्टर, एकशे दहा. चढतंय."

"भांडू द्या अजून दोन मिनिटं," मी म्हटलं. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना खाटेजवळ बसवलं आणि तिघांनाही हळू आवाजात झापलं. दोन गोळ्या, त्यात मीठ तोडलेलं. प्रेशर पडणारच. अंधारी आली त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि न सांगता कोणालाही औषध देऊ नये, नवऱ्याला तर नाहीच. आता दोन्ही पट्ट्या बंद. दोन दिवस काही नाही, मग निम्म्या ताकदीची एक गोळी, तीही सुगंधाच्या डोळ्यांदेखत. दोन आठवडे क्रेन बंद. खाली काम.

घरी आल्यावर सुगंधाने नानांना झोपवलं आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. मला वाटलं, आता हसेल. ती रडायला लागली.

"विजयाताई, तो गठ्ठा कोणाच्या अंगावर आला असता तर? सुकाच्या आला असता तर? मी यांना सांभाळायला निघाले होते हो."

मला तिची फार दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग, की खलबत्ता माझाच होता. पण तिच्यासमोर तो सूर लावून काय उपयोग? मी तिला रडू दिलं आणि चहा ठेवला. तेवढ्यात नाना भिंत धरून धरून आमच्या दारात आले. त्यांना तिथेच खुर्ची दिली.

"चोरून का दिलीस?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता.

"उघड दिली असती तर घेतली असती?"

"नसती."

"मग? आणि तुम्ही का चोरून घेतलीत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा पुसायला घेतल्या. "तू हसली असतीस," ते शेवटी म्हणाले.

"हसले असते," सुगंधा नाक पुसत म्हणाली. "दोन दिवस हसले असते. मग बंद केलं असतं." त्यावर नानांनाच हसू आलं. पुढचे चार दिवस मात्र ते ताकाचा पेला नाकाशी नेऊन हुंगल्याशिवाय पीत नव्हते.

खालचं काम म्हणजे सुकाच्या जोडीला उभं राहणं. पट्टे अडकवायचे, सोडायचे, हात दाखवायचे. वर नानांच्या खुर्चीत, त्यांनी शिवलेल्या रेक्झिनवर, कमलाकांत गोळीवाला. पहिल्या दिवशी कमलाकांतने वरून हात जोडून नमस्कार केला, तो नानांना फार झोंबला. शेडमधली पोरं पण सोडतात होय? "नाना, ताक पिणार का?" असं कॅन्टीनमध्ये कोणी ना कोणी विचारायचंच. नाना ऐकून घ्यायचे. स्वतः पेरलेलं होतं, बोलणार काय?

पण दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट झाली, ती त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. कमलाकांतने गठ्ठा उचलला आणि तो नानांच्या दिशेने यायला लागला. इतकी वर्षं नानांनी ते पाइप वरून पाहिले होते. वरून ते काड्यांच्या जुडीएवढे दिसायचे. खालून बघताना अख्खं छप्पर झाकलं गेलं. पट्टे करकरत होते. नानांचे पाय आपोआप मागे सरले, इतके की पाठ खांबाला लागली.

सुका हसला. "भ्यालं का, नाना?"

"तू नाही भीत?"

"भितो की. रोज भितो." सुकाने हात वर केला, बोटं हलवली. हळू. "पन वरती तुमी हाय म्हनलं की जरा कमी."

नाना म्हणतात, मग त्यांनी खांब सोडला आणि ते सुकाच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

दोन आठवड्यांनी परत मेडिकल. नाना सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सुगंधाने दारात दही-साखर ठेवली हातावर, लेकाला परीक्षेला पाठवतात तशी. दवाखान्याबाहेरच्या बाकावर नेहमीची मंडळी होती. क्रेनवाले, उंचावर वेल्डिंग करणारे, टाकीवर चढणारे. मेडिकलच्या दिवशी त्या बाकावर बसलात, तर प्रेशर उतरवायचे जगातले सगळे उपाय कानावर पडतील. कोणी लिंबूपाणी पिऊन आलेला, कोणी पाय थंड पाण्यात बुडवून आलेला, कोणी डोळे मिटून लांब श्वास घेणारा. आणि आत डॉक्टर शेवटी तोच प्रश्न विचारतात, काही त्रास होतो का, चक्कर, अंधारी? आणि बाहेर येणारा प्रत्येक जण आत एकच उत्तर देऊन आलेला असतो, नाही साहेब. एवढ्या वर्षांत नानांनीही दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं.

रूपल सिस्टरने पट्टा सोडला. "एकशे सव्वीस, ऐंशी. एकदम छान."

डॉक्टर खूश झाले. "नाना, जिंकलात. उद्यापासून वर. काही त्रास? चक्कर, अंधारी?"

नानांना समोरच्या खिडकीतून शेड दिसत होती. केबिन दिसत होती. कमलाकांतची पाठ दिसत होती. 'नाही साहेब' एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द जिभेवर आलेही होते, असं ते सांगतात. आणि मग ते बोलले, "हो. परवा. सकाळी पलंगावरून उठताना. एकदाच आली, पण आली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मला इथे कोणी सांगत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी नानांना उभं करून परत प्रेशर घेतलं. उभं राहिल्यावर आकडा खरंच बराच घसरत होता. गोळी बदलायची ठरली. "अजून दोन आठवडे खालीच राहा. मग बघू. वर जाल की नाही, आज नाही सांगू शकत."

"ठीक आहे," नाना म्हणाले आणि उठले. बाहेर बाकावरची मंडळी विचारत होती, "पास?" ते कोणाशी न बोलता शेडमध्ये गेले. स्टूलवर बसून ट्रक बघणारा तो ऑपरेटर त्यांना आठवत होता. खरं बोललो म्हणून छाती वगैरे काही फुगली नव्हती, उलट रडू येत होतं. हे त्यांनी मला अगदी याच शब्दांत सांगितलं.

सुका पट्टे सारखे करत होता. "काय झाला, नाना? उद्या वरती?"

"नाही."

"काय म्हंता? परत चढला काय परेशर?"

"नाही. आकडा बरोबर आला. पण परवा अंधारी आली होती. मीच सांगितलं."

सुकाचे हात थांबले. त्याने वर केबिनकडे पाहिलं, मग नानांकडे.

"तुमी नाय सांगितला असता ना," तो म्हणाला, "तं मला काय कळला पन नसता. मी खालून हात दावत ऱ्हायलो असतो."

हूक खाली येत होता. त्यांनी पट्ट्याचं एक टोक उचललं, सुकाने दुसरं.